बसलं म्हणजे चाललं असं नाही : आजोबांच्या .३२ रिव्हॉल्व्हरला कोणतं काडतूस?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : पारोळ्याच्या घरात आजोबांचं एक छोटं, मधून मोडून उघडणारं पाच घरांचं (घर म्हणजे काडतूस बसायचं भोक) रिव्हॉल्व्हर आहे. वडील गेल्यावर परवाना रीतसर तुमच्या नावावर झाला आणि त्यावर बोअर, म्हणजे नळीचं माप, .३२ लिहिला आहे. हत्यार बेल्जियमचं असावं असं कुणीतरी सांगितलं. दुकानात मिळणारं .३२ चं काडतूस आत ‘मस्त बसतं’. रेंजवर नेऊन पाच-दहा बार काढायची इच्छा आहे. शिवाय पत्र्याच्या डबीत आजोबांच्या वेळची अठरा काडतुसं आहेत. तर यातलं कोणतं वापरावं?

उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत त्यात काहीही भरू नका, रिकामा घोडाही पाडू नका. जुन्या घोड्याचं टोक ठिसूळ झालेलं असतं, रिकाम्या घरावर आपटलं तर तुटतं, आणि तसलं टोक आज बाजारात मिळत नाही.

मी सैन्यात आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. निवृत्तीनंतर गेली एकोणीस वर्षं धुळ्यात परवान्याचं शस्त्रदुरुस्तीचं दुकान चालवतो. खानदेशात अशी हत्यारं अजून बरीच आहेत. सातपुड्यात फिरणारे जंगलखात्याचे साहेब, भुसावळच्या रेल्वेतले अँग्लो-इंडियन अधिकारी, कापसाचे मोठे व्यापारी, गढीवरचे जहागीरदार यांच्याकडची ती. कुणी जाताना विकून गेलं, कुणाकडून वारशानं आली. माझ्या टेबलावर ती येतात तेव्हा बरोबर प्रश्न जवळजवळ नेहमी तुमचाच असतो : काडतूस कोणतं?

पण खरा प्रश्न त्याच्या एक पाऊल अलीकडे आहे. हे हत्यार बनवणाऱ्यानं ते कोणत्या दारूचा, किती दाब सोसायला बनवलं होतं? ते कळलं की काडतूस आपोआप ठरतं. कित्येकदा ‘कोणतंच नाही’ असंही ठरतं. काडतूस घरात बसतं याचा अर्थ एवढाच की भोक आणि पितळेची नळी यांची मापं जुळली. भिंत किती जाड, लोखंड कसलं, याबद्दल ते बसणं काहीही सांगत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. बारा वर्षांपूर्वी शहाद्याकडचे एक बापू असंच पाच घरांचं रिव्हॉल्व्हर घेऊन आले होते. वरची कडी सैल झाली होती. ती मी घट्ट करून दिली, नळी साफ केली, तेल दिलं. कोणतं काडतूस घालणार हे विचारलं नाही. त्यांनी आपणहून खिशातून एक काडतूस काढलं, घरात टाकून दाखवलं आणि म्हणाले, “बसस ना भाऊ, मंग चालस.” दुकानात गर्दी होती. मी मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. ते काडतूस त्यांच्या भावाच्या पिस्तुलाचं होतं, .३२ एसीपी. चार बार नीट गेले. पाचव्याला सिलिंडरची, म्हणजे घरं असलेल्या फिरत्या गोलाची, वरची भिंत फाटली, वरची पट्टी वाकून उभी राहिली आणि पितळेचा एक तुकडा बापूंच्या डोळ्याच्या खाली बोटभर अंतरावर घुसला. डोळा वाचला. ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून कोणतंही जुनं हत्यार काडतुसाचा प्रश्न सोडवल्याशिवाय माझ्या दुकानातून बाहेर जात नाही. हे उत्तर लांबणार आहे ते त्यामुळेच.

आधी दारूचं समजून घेऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपर्यंत सगळीकडे काळी दारू होती : सोरा, कोळसा, गंधक. ठासणीच्या बंदुकीत आजही तीच जाते. १८८० च्या दशकात बिनधुराची दारू आली आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिनं काळ्या दारूला जवळजवळ हद्दपार केलं. लोकांना वाटतं नवी दारू म्हणजे जुनीचीच जास्त ताकदवान बहीण, थोडी कमी घातली की झालं. तसं नाही, दोघींचा स्वभावच वेगळा आहे. काळी दारू उघड्यावर पेटवली तर भप्पकन जाते, आणि बंद जागेतही तिचा जळण्याचा वेग फारसा वाढत नाही. बिनधुराची दारू उघड्यावर सावकाश फुसफुसत जळते. पण तिला कोंडलं की दाब वाढतो, दाब वाढला की ती आणखी वेगानं जळते, वेग वाढला की दाब आणखी चढतो. म्हणून तिच्यात छोटीशी चूक मोठी होते. गोळी जरा जास्त खोल दाबली गेली, नळी जरा अरुंद निघाली, काडतूस उन्हात तापलं, की दाब अपेक्षेच्या बराच वर जातो. काळ्या दारूच्या काळातल्या हत्याराला अशा चुकांसाठी राखीव ताकदच दिलेली नसते, कारण तेव्हा तिची गरज नव्हती.

लोखंडाचाही भाग आहे. त्या वेळचं सिलिंडर मऊ पोलादाचं असे, स्वस्त मालात त्याहूनही हलक्या धातूचं. आज पोलादाला ठरावीक उष्णता देऊन कणखर करतात, तसं तेव्हाच्या खिशातल्या रिव्हॉल्व्हरांना क्वचितच केलेलं असे. तुमच्या रिव्हॉल्व्हरला आणि कानपूरच्या सरकारी कारखान्याच्या .३२ रिव्हॉल्व्हरला परवान्यावर एकच आकडा लिहितात. पोलादाच्या दृष्टीनं दोघांत शंभर वर्षांचं अंतर आहे.

मग हत्यार कोणत्या दारूचं हे ओळखायचं कसं? त्याच्या अंगावरच्या खुणांवरून. आमच्या धंद्यात ही वाचायची पहिली गोष्ट. युरोपातल्या बऱ्याच देशांत बंदुकीची नळी विकायला जाण्याआधी सरकारमान्य चाचणीगृहात जाई. तिथे नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार काढून बघत, टिकली की शिक्का मारत. लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीला सनद मिळाली १६३७ साली, बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ सालच्या कायद्यानं उभं राहिलं, बेल्जियमच्या लिएजची परंपरा सतराव्या शतकापासूनची. म्हणजे शिक्का असणं ही चांगली गोष्ट. पण शिक्का कोणत्या दारूच्या चाचणीचा आहे, हे त्याहून महत्त्वाचं.

तुमचं खरंच बेल्जियमचं असेल तर सिलिंडरवर लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरं आणि त्याखाली एक तारा दिसेल. त्या लंबगोलावर मुकुट असेल तर हत्यार १८९३ नंतर तपासलेलं आहे, मुकुट नसेल तर त्याआधीचं. एवढ्यावर बहुतेक लोक थांबतात आणि खूश होतात. तुम्ही थांबू नका. मागचीपुढची काजळी पुसून, भिंगाखाली आणखी एक शिक्का शोधा : सिंह आणि त्याच्या खाली पी आणि व्ही ही अक्षरं. तो बिनधुराच्या दारूच्या चाचणीचा शिक्का. तो नसेल, तर ते हत्यार काळ्या दारूवरच तपासलं गेलं असं मी धरतो. दुकानात आलेल्या छोट्या बेल्जियम रिव्हॉल्व्हरांपैकी फार थोड्यांवर मला हा सिंह दिसला आहे.

विलायती माल असेल तर १९०४ च्या नियमांनंतरच्या शिक्क्यांत एन आणि पी ही अक्षरं सापडतात, ती नायट्रोची, म्हणजे बिनधुराच्या दारूची खूण. ‘इंग्लंडमध्ये बनलेलं नाही’ असा इंग्रजी शिक्काही दिसेल. तो परदेशी माल इंग्लंडच्या चाचणीगृहातून गेल्याचा, त्यावरून देश ठरवायला मदत होते. नळीवर कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या एखाद्या जुन्या दुकानाचं नाव कोरलेलं असलं, तर त्यावरून कुठे विकलं गेलं ते कळतं, कुणी बनवलं ते नाही. कितीतरी बेल्जियमच्या हत्यारांवर कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांची नावं मी पाहिली आहेत. स्पेनच्या एइबार गावचा माल असेल तर जास्त सावध राहा. तिथे चाचणी सक्तीची झाली ती १९२३ साली, त्याआधीचा माल अतिशय उत्तम ते अतिशय वाईट असा कसाही असू शकतो.

अमेरिकेत असं सरकारी चाचणीगृह नव्हतं, तिथे कारखान्याचं मॉडेल ओळखावं लागतं. आयव्हर जॉन्सनची मोडून उघडणारी रिव्हॉल्व्हरं आपल्याकडेही सापडतात. त्यांतली १९०९ च्या आधीची काळ्या दारूची, त्या वर्षापासूनची नव्या बनावटीची बिनधुराच्या दारूसाठी. दोन्ही समोरासमोर ठेवली तरी नवख्याला फरक कळणार नाही, कारण दिसायला ती जवळजवळ सारखीच. कोल्टनं आपल्या प्रसिद्ध सिंगल अॅक्शन रिव्हॉल्व्हरला बिनधुराच्या दारूची हमी दिली ती १९०० पासून, तर ते मॉडेल १८७३ चं आहे. म्हणजे एकाच मॉडेलमधलं एक चालतं, दुसरं नाही. म्हणून नुसता फोटो पाठवून ‘हे सेफ आहे का’ विचारणाऱ्याला मी कधीच हो म्हणत नाही.

आता .३२ या आकड्याकडे. परवान्यावरचा हा आकडा म्हणजे आडनावासारखा आहे. एका आडनावाची माणसं जशी एका घरातली नसतात, तशी .३२ म्हणवणारी काडतुसंही एका जातीची नाहीत.

सगळ्यात जुन्यांपैकी .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन), आपण तिला शॉर्ट म्हणू. १८७८ साली काळ्या दारूसाठी आली. पितळेची नळी साधारण १५.४ मिलिमीटर लांब. मग १८९६ साली .३२ एस अँड डब्ल्यू लाँग आली. पितळेच्या नळीची जाडी तीच, लांबी साधारण २३.४ मिलिमीटर. भारतात रिव्हॉल्व्हरचं .३२ काडतूस म्हणून दुकानात मिळतं ते बहुतेक हेच. जुन्या भारतीय काडतुसाच्या बुडावर के आणि एफ अक्षरं दिसतात ती खडकीच्या कारखान्याची. आपल्या वरणगावच्या निर्माणीमुळे इकडच्या घराघरात काडतूस हा शब्द ओळखीचा आहे, पण तिथे मुख्यतः सैन्याची काडतुसं बनतात, त्यांचा आणि तुमच्या रिव्हॉल्व्हरचा काही संबंध नाही.

तिसरं .३२ एसीपी, पिस्तुलाचं, युरोपात ७.६५ ब्राउनिंग म्हणतात. १८९९ साली, पहिल्यापासून बिनधुराच्या दारूसाठी. त्याच्या पितळेच्या नळीची जाडी शॉर्ट आणि लाँगइतकीच, जवळजवळ ८.५ मिलिमीटर. फक्त बुडाची कड थोडी लहान, साधारण ९.१ मिलिमीटर, आणि रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची ९.५. एवढ्याशा फरकानं ते जुन्या रिव्हॉल्व्हरच्या घरात सुळकन जातं आणि कडेवर अडकून राहतंही. बापूंचं झालं ते असं. लाँगसाठी अमेरिकी मानकात दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला १५,००० पौंड आहे, एसीपीसाठी २०,५००. आणि हे आजच्या पोलादाच्या हत्यारांचे आकडे आहेत, १८९० सालच्या मऊ सिलिंडरचे नव्हेत.

पुढे १९८४ साली .३२ एच अँड आर मॅग्नम आणि २००८ साली .३२७ फेडरल मॅग्नम आली. दोन्ही लाँगपेक्षा लांब. शेवटच्याची मर्यादा ४५,००० पौंड आहे, लाँगच्या तिप्पट. आपल्याकडे ती सहसा मिळत नाहीत, पण परदेशातून कुणी नातेवाइकानं ‘.३२ चीच आहेत’ म्हणून सुचवली तर लक्षात असू द्या.

आणि एक वेगळी भावकी : विलायतेचं .३२० आणि कोल्टचं .३२ शॉर्ट (वरच्या ‘शॉर्ट’पेक्षा वेगळं). यांची पितळेची नळी अंगानं बारीक, आठ मिलिमीटरच्या आसपास. बेल्जियमची कितीतरी छोटी रिव्हॉल्व्हरं मुळात .३२० ची आहेत. परवान्यावर कारकुनानं शून्य गाळून .३२ लिहिलेलं असतं. मग .३२ लाँग बसत नाही म्हणून कुणीतरी एखाद्या वर्कशॉपमध्ये नेऊन घरं रीमरनं, म्हणजे भोक रुंद करायच्या अवजारानं, मोठी करून घेतो. असं हत्यार माझ्याकडे दोनदा आलं. दोन घरांमधली भिंत इतकी पातळ झाली होती की बोटानं दाबून बघायला भीती वाटावी. त्या दोन्ही वेळा मी परत करताना लेखी दिलं की यातून बार काढू नये.

तुमच्या बाबतीत मला नेमकी हीच शंका आहे. तुम्ही लिहिलंत की दुकानातलं काडतूस ‘मस्त बसतं’. ते लाँग असेल आणि पूर्ण आत जात असेल, तर तीन शक्यता. एक, हत्यार मुळातच लाँगचं. दोन, ते शॉर्टचं आहे, पण घरं आरपार सरळ छिद्र पाडलेली आहेत, आत पितळेच्या नळीला अडवणारी पायरी नाही. जुन्या स्वस्त रिव्हॉल्व्हरांत हे सर्रास आढळतं, आणि मग लांब काडतूस अडणार तरी कशाला? तीन, कुणीतरी घरं मोठी केलेली आहेत. बसण्याचं सुख तिन्हींत सारखंच आहे, धोका सारखा नाही.

हे कसं तपासायचं? सिलिंडरची लांबी मोजा. लाँगचं अख्खं काडतूस, गोळीसकट, साधारण ३२ मिलिमीटर असतं, शॉर्टचं २३.५ च्या आत. सिलिंडर ३२ पेक्षा आखूड असेल तर ते लाँगचं नाही, गोळीचं टोक पुढे येऊन फिरणंच अडेल. घराचं आतलं माप घ्यायला मी बिस्मथची एक मिश्रधातू वापरतो. ती ७० ते ८८ अंशांत, म्हणजे गरम पाण्याच्या आत वितळते. घरात ओतायची, गोठली की बाहेर ढकलायची, आणि त्या ठशावर व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावायचा. पायरी आहे का, कुठे आहे, रीमरचे ओरखडे आहेत का, सगळं हातात येतं. हत्याराच्या नळीचं माप मऊ शिशाची गोळी हलक्या हातानं आरपार ढकलून घेतो. नळी अपेक्षेपेक्षा अरुंद निघाली तर तिथेच थांबतो. हे तुम्ही घरी करू नका. परवानाधारक कारागिराकडून करून घ्या, आणि त्याला मापं कागदावर लिहून मागा.

मापं आणि शिक्के जुळले तरी हत्याराची तब्येत राहते. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरात सगळा भार वरच्या कडीवर असतो. बंद करून नळी आणि मूठ दोन हातांत धरा आणि हलवा. बिजागरीत किंवा कडीत खुळखुळ लागली तर बार विसरा. घोडा सावकाश मागे ओढून सिलिंडर जागेवर पक्कं बसतं का, प्रत्येक घराचं, पाचही घरांचं बघा. एक जरी घर नळीसमोर नीट आलं नाही तर गोळी कडेला घासून शिसं बाजूला उडतं, शेजारी उभ्या असलेल्याच्या हातावर बसतं. सिलिंडर पुढेमागे सरकतं का तेही. मग भिंगानं प्रत्येक घराची बाहेरची भिंत, विशेषतः सिलिंडरला अडवणाऱ्या खाचेच्या जागी, कारण तिथे धातू सर्वांत पातळ असतो. केसासारखी रेघ दिसली तर ती रेघच आहे असं समजा, धूळ असल्याचं सिद्ध होईपर्यंत.

गोळीबद्दल थोडक्यात : जुन्या नळीत फक्त मऊ शिशाची गोळी. तांब्याचं कवच असलेली गोळी जुन्या, मऊ, काहीशा रुंद नळीत मध्येच अडकू शकते, आणि पुढचा बार तिच्यावर गेला तर नळी फुगते.

इथवरचं एकत्र करून सांगतो, म्हणजे तुमच्या हातात एक रेघ राहील. हत्यारावर बिनधुराच्या दारूच्या चाचणीचा शिक्का आहे, घराचं माप लाँगचं किंवा शॉर्टचं पायरीसकट नीट आहे, रीमर लागलेला नाही, कडी आणि सिलिंडर घट्ट आहेत, भेगा नाहीत : तर त्याच मापाचं, शिशाच्या गोळीचं, कारखान्यातलं नवं, साध्या ताकदीचं काडतूस, आणि तेही मोजून. लाँगच्या घरात शॉर्ट चालतं. शॉर्टच्या घरात लाँग नाही. एसीपी कुठल्याच जुन्या रिव्हॉल्व्हरात नाही. शिक्का काळ्या दारूचाच असेल, तर दुकानातलं कोणतंही बिनधुराचं काडतूस मी त्यात घालणार नाही, मग मापं कितीही सुंदर जुळू देत.

यावर अनुभवी लोकही माझ्याशी वाद घालतात. त्यांचं म्हणणं, कारखाने आजही .३२ ची काडतुसं मुद्दाम सौम्य भरतात, कारण त्यांना माहीत आहे की ती जुन्या हत्यारांत जाणार, आणि कितीतरी लोकांनी शेकडो बार काढले, काही झालं नाही. हे खरं आहे. जास्तीत जास्त बारांना काही होत नाही. बापूंचेही पहिले चार गेले होते. मऊ धातू प्रत्येक बारानं थोडा थोडा ताणतो आणि ते बाहेरून दिसत नाही. एक बार टिकला म्हणून चाचणी झाली असं होत नाही. चाचणीगृहात बार काढल्यावर प्रत्येक घर पुन्हा मोजतात, ते उगाच नाही.

परदेशात अशा हत्यारांचे शौकीन स्वतः काळ्या दारूची काडतुसं भरून घेतात, तो चांगला उपाय आहे. आपल्याकडे तो खुला नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार दारूगोळा तयार करायलाच परवाना लागतो, आणि घरच्या टेबलावर काडतूस भरणं तयार करण्यातच येतं. तुमचा शस्त्र बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. कुणी ‘माझ्याकडे भरून मिळेल’ म्हटलं तर लांब राहा, कायद्यासाठीही आणि बोटांसाठीही. पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीसाठी कुणाकडे काळी दारू असते, ती काढून काडतुसात भरायचा विचारही करू नका.

दुसरा गैरसमज वारशाचा. आजोबांची वस्तू, पुराणवस्तू, म्हणून तिला परवाना नको असं गावाकडे अजून सांगतात. कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या बनावटीच्या शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाहीत अशांनाच. तुमचं चालतं आहे, म्हणून परवाना हवाच, आणि तो तुम्ही करून घेतलात हे फार बरं केलंत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, हेही घरात आणखी काही असेल तर बघून घ्या. बार काढायचे ते परवानगीच्या रेंजवरच. लग्नात, वरातीत आनंदाचे बार हा त्याच दुरुस्तीनं वेगळा गुन्हा झाला आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

तुमच्याकडे रिव्हॉल्व्हरऐवजी जुनं .३२ पिस्तूल असतं, कोल्टचं १९०३ चं किंवा वेब्ली अँड स्कॉटचं १९०८ चं, तर उत्तर बरंच सोपं झालं असतं. ती पहिल्यापासून बिनधुराच्या दारूवर बनली, त्यात .३२ एसीपी हेच योग्य काडतूस. तिथे मी मागची जुनी स्प्रिंग बदलतो, सेफ्टी खरंच धरते का ते बघतो, आणि जास्त ताकदीचं काडतूस टाळतो.

आता ती पत्र्याची डबी. तुमच्या प्रश्नात ती शेवटच्या ओळीत आली होती, पण मला सर्वांत आधी तीच दिसली. आपल्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त. बिनधुराची दारू उष्णतेनं सडते, तशा सत्तर-ऐंशी उन्हाळ्यांनंतर त्या अठरा काडतुसांत काय उरलं आहे हे बाहेरून कुणीही सांगू शकत नाही. काही फुस्स होतील आणि गोळी नळीत अडकेल. काही दोन सेकंदांनी उडतील, तोवर तुम्ही हत्यार स्वतःकडे वळवून बघत असाल. काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या जुन्या टोप्यांची राख मिठासारखी ओलावा ओढून नळी आतून खाते, ते वेगळंच. ती काडतुसं उडवायची नाहीत, फोडायची नाहीत, आणि गोळी काढून ‘आतली दारू बघूया’ असंही नाही. परवान्यावर जितकी काडतुसं लिहिली आहेत त्यापेक्षा ती जास्त होत असतील तर तोही प्रश्न आहे. तुमच्या परवानाधारक विक्रेत्याशी बोला आणि ती पोलीस ठाण्यात रीतसर जमा करून पोच घ्या. आठवण म्हणून डबी रिकामी घरात ठेवा.

रेंजवर गेलातच आणि नवं, योग्य काडतूस असूनही चाप ओढल्यावर काही झालं नाही, तर नळी तशीच निशाणाकडे धरून मनात तीसपर्यंत मोजा, मगच उघडा. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर पुढचा बार काढू नका. हत्यार रिकामं करून नळीतून उजेड दिसतो का ते बघा. काडतुसाची पेटी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, सावलीत ठेवा. तापलेलं काडतूस जास्त दाब देतं.

दादा, आज तुम्हाला एवढंच करायचं आहे. हत्यार उघडून पाचही घरं रिकामी आहेत याची खात्री करा. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या बाजूला मऊ फडक्यानं थोडं केरोसीन लावून पुसा. मग उन्हात तिरपं धरून फोटो काढा : लंबगोल, त्यावर मुकुट आहे का, आणि सिंह कुठे दिसतो का. बरोबर सिलिंडरची लांबी मिलिमीटरमध्ये कळवा. अनुक्रमांक मात्र फोटोत झाकून ठेवा.